बेटावरची घोरपड

आबांशी मी म्हशीमार्फत बोलत असे. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरातले कर्ते आबाच. सुनेनं थोरल्या सासऱ्याशी तोंडातोंडी बोलायचं नाही, समोरून जायचं तर पदर कपाळाखाली ओढून, ही आमच्याकडची रीत. पण घर एक, मळा एक आणि कामं सतरा. बोलल्यावाचून भागणार कसं? मग मध्ये कुणीतरी धरावं लागे. सासूबाई जवळ असल्या तर त्या, नसल्या तर दावणीची म्हैस. "भाकरी झाल्यात म्हणावं, हात धुवून घ्या," असं मी म्हशीला सांगायची आणि आबा हात धुवायला उठायचे. "मोटंचा नाडा तुटलाय म्हणावं, आज वांग्याला पाणी न्हाय," असं आबा म्हशीला सांगायचे आणि मी वांग्यांची वाट सोडून मिरचीकडे वळायची. पहिल्या वर्षी मला याचं फार हसू यायचं. पुढं सवय झाली, आणि खरं सांगायचं तर घरातल्या इतर कुणाहीपेक्षा ती म्हैस निरोप जसाच्या तसा पोहोचवायची.

ही हकिकत सन तीस-पस्तीसच्या सुमाराची. आमचा मळा बारामती आणि इंदापूरच्या मध्ये, नीरेच्या काठाला. वरच्या अंगानं कालवा, त्यामुळे वांगी, मिरची, कांदा, थोडी केळी असं काही ना काही निघत राहायचं आणि बैलगाडीनं बारामतीच्या बाजारात जायचं. खालच्या अंगाला नदी. उन्हाळ्यात तिच्या वाळूत आम्ही कलिंगडं लावत असू. त्या वाळूच्या पलीकडे, पात्राच्या मधोमध, एक बेट होतं. बेट म्हणजे काही फार मोठं नव्हे, एखादं चांगलं शेत मावेल एवढं. वर बाभळी, करंज, कडेनं लव्हाळा आणि मध्यावर छातीला लागेल एवढं एक जुनं वारूळ. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाणी वाहायचं. उन्हाळ्यात अलीकडचा फाटा आटला की चालत जाता यायचं. आणि त्या बेटावर घोरपड राहायची.

शेपटीसकट ती माझ्या उंचीला थोडीच कमी होती. मी माहेरची बारामतीची, पेठेत वाढलेली. घोरपड हा शब्द मी तोवर फक्त ऐकला होता. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती वारुळाच्या उतारावर पाय पसरून ऊन खात होती. मान वर उचलून तिनं माझ्याकडे पाहिलं, काळपट दुभंगलेली जीभ दोन-तीनदा बाहेर काढून हवेची चव घेतली, आणि मी काही उपयोगाची नाही असं ठरवून पुन्हा मान टेकली. सासरी आल्यापासून इतक्या थोडक्यात मला कुणी पारखलं नव्हतं.

आबांचा तिच्यावर जीव होता. सासूबाई सांगायच्या, आबांची बायको प्लेगात गेली, लग्नाला फार दिवसही झाले नव्हते. पुन्हा लग्न करायला ते तयार झाले नाहीत. त्यानंतर ते दिवसच्या दिवस बेटावर जाऊन बसत. माणसानं पाहिलं की काहीतरी विचारतं, समजूत घालतं. घोरपड नुसती पाहायची. तेव्हापासून तिची राखण आबांकडे. कलिंगडाचं पहिलं फळ बेटावर तिच्यासाठी ठेवायचं, हा घरचा नेम झाला. घोरपड कलिंगड खात नाही. ती खेकडे, किडे, विंचू, उंदीर, पाखरांची अंडी असलं खाते. कलिंगड कोल्हा खायचा. पण सकाळी रिकामी साल दिसली की आबा समाधानानं म्हणायचे, "खाल्लं." आमच्या घरानं त्या कोल्ह्याची जेवढी बडदास्त ठेवली तेवढी जावयाचीही ठेवली नसेल.

तरुणपणी आबांनी पाहिलेल्या घोरपडीचं शेपूट तुटकं होतं, असं ते स्वतःच सांगायचे. पुरात वाहून आलेल्या ओंडक्याखाली सापडून अर्धं गेलेलं. आताच्या घोरपडीचं शेपूट चांगलं लांबलचक, टोकापर्यंत शाबूत. कुणी हे काढलं की आबा म्हणत, "पालीचं येतंय की न्हाय पुन्हा? तसंच आलं." त्यांच्या लेखी घोरपड एकच होती, पहिल्यापासून तीच. दोन घोरपडी त्यांनी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या, म्हणून दुसरी नव्हती.

आणि तसं म्हणायला कारणही होतं. माझं लग्न झालं त्या सुमारास नदीकाठच्या घोरपडी झपाट्यानं नाहीशा होत होत्या. पूर्वीही लोक मारायचेच. गुडघेदुखीला तिच्या चरबीचं तेल, कुणाला बाळंतपणानंतर रस्सा, वाघ्याच्या दिमडीला तिचंच कातडं. आमच्या घरी खंडोबाचं जागरण असलं की आबा वाघ्याला आधी विचारायचे, "दिमडी कुठली?" तो "लांबची हाय, आबा" म्हणाला की मगच पुढं सुपारी फुटायची. पण आता बारामतीत कातड्याचे व्यापारी बसले होते. ते घोरपडीची कातडी मुंबईला पाठवत, तिथून ती विलायतेला जात. तिकडच्या बायकांच्या पायांत घोरपडीचे जोडे असतात, हे आम्हाला त्या व्यापाऱ्याच्या माणसाकडून कळलं. तो एकदा आमच्या मळ्यावरही आला होता. बेटावरची मोठी आहे, तिचं कातडं अखंड निघेल, असं त्यानं आबांना गोडीनं समजावलं. आबांनी त्याला गूळ-पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझंबी कातडं अखंड हाय. त्ये आधी न्या." तो परत आला नाही. पण बाकीच्या काठावरून घोरपडी गेल्या त्या गेल्याच.

आता घरातली खरी अडचण सांगते. आमचे हे आबांचे पुतणे, हाताशी असलेला एकुलता एक वारस. त्यांच्या डोळ्यासमोर ऊस होता. कालव्याच्या पट्ट्यात जो तो उसाकडे वळत होता, आणि नदीवर तेलाचं इंजिन बसवलं तर बेटावर ऊस उभा राहील असं त्यांनी ताडलं होतं. बाभळी तोडायच्या, वारूळ सपाट करायचं, नांगर घालायचा. आबांनी एकच उत्तर दिलं होतं, आणि ते चार माणसांत दिलं होतं. "ती हाय, आन् तिच्या मागं तिचं लेकरू हाय, तवर बेटाला नांगर लागायचा न्हाय. तिच्या मागं कुणी न्हाय आसं दिसलं, तर काय करायचं त्ये करा. मी आडवा येत न्हाय."

आमचे हे काही वाईट नव्हते. घोरपड मरायची वाट ते अगदी सभ्यपणे पाहत होते. आणि ती म्हातारी होत चालली होती, हे दिसत होतं. पिल्लू मात्र आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सासूबाई तिला सरळ वांझ म्हणायच्या. आबा त्यावर उठून बाहेर जात. थकले होते तेही. तिच्या मागं एक पिल्लू पाहावं आणि मग डोळे मिटावेत, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं. हे ते कुणाला म्हणाले नाहीत. म्हशीला म्हणाले, म्हणून मला ठाऊक.

एकदा ह्यांनी बारामतीहून मिरचीचं बी आणलं, ते एका छापील कागदात बांधलेलं होतं. त्यावर घोरपडीचं चित्र होतं, म्हणून ह्यांनी कागद जपून आणला. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. चुलीकडे तोंड करून मी तो मोठ्यानं वाचला. पूर्वेच्या समुद्रात कुठंतरी लहान लहान बेटं आहेत, तिथं माणसाहून लांब घोरपडी आहेत, त्या हरणं आणि डुकरं मारून खातात, आणि तिथल्या सरकारनं त्यांना मारायला बंदी केली आहे, असा मजकूर होता. सासूबाईंनी "काय बाई जनावरं" म्हणून कानावर हात ठेवले. आबा दारात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सरकार कशाचं? तितं बी बेटावर कुणीतरी म्हातारा आसंल." आणि मग म्हशीकडे वळून, "त्यास्नी पिल्लं हुत्यात का, बघ म्हणावं कागदात." मी पाहिलं. कागद तिथंच फाटलेला होता.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. बेटावर वर्षाला एक दिवस आबांचा असायचा. मृगाच्या आगेमागे वारुळाची माती भिजली की त्या परिसरात चंदनघोरपडी दिसायच्या. आमच्याकडे चंदनघोरपड म्हणजे घोरपडीहून अगदी वेगळी जात, असं सगळे मानत. वीतभर लांब, फार तर थोडी जास्त, काळ्या अंगावर पिवळे ठिपके आणि पट्टे, दिसायला देखणी. पण जहरी इतकी की चावली तर माणसाला पाणी मागू देत नाही, असं म्हणत. आणि मोठ्या घोरपडीशी तिचं हाडवैर, ती तिच्या वारुळात शिरते आणि विषानं तिला पळवून लावते. म्हणून आबा त्या दिवशी लांब बाभळीची काठी घेऊन वारुळापाशी उभे राहायचे आणि दिसेल ती चंदनघोरपड ठेचायचे. हात लावायचा नाही. काठीनंच गोवऱ्यांच्या आरावर सरकवायची, जाळायची, नदीत आंघोळ करायची आणि कोरडं धोतर नेसून घरी यायचं. सासूबाई उंबऱ्यात त्यांच्या पायांवर पाणी घालायच्या, कडुलिंबाचा पाला द्यायच्या. आबा पाला चावत म्हणायचे, "आता वरीसभर तिला भ्या न्हाय." गावातले लोकही आबांच्या त्या धैर्याचं कौतुक करत. मीही केलं.

एका भाद्रपदात मी गवताला बेटावर गेले होते. अलीकडच्या फाट्याला गुडघाभरच पाणी होतं. लव्हाळ्यातून पाहते तर घोरपड वारूळ उकरत होती. पुढच्या पंजांनी माती मागे टाकायची, थांबायची, जीभ काढायची, पुन्हा उकरायचं. माझा भारा बांधून झाला तरी ती तिथंच. मग ती उलटी फिरली आणि मागचं अंग भोकात घालून बसली. कितीतरी वेळ. मी दोन बाळंतपणं काढलेली बाई. जनावर असो की माणूस, तसं बसणं मला कळतं. नंतर ती बाहेर आली तेव्हा तिच्या पोटाची कातडी सैल लोंबत होती. माती पुन्हा भोकात ढकलून, नाकानं दाबून दाबून ती जागा तिनं अशी सारखी केली की मीही ती विसरले असते. मग वारुळाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन तिनं उगीचच थोडं उकरलं आणि निघून गेली. शेजारणीनं विचारू नये म्हणून आपणही दाराला कधी कधी उगीच कुलूप लावतो, तसलाच तो प्रकार असावा.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाळवी खात आसंल. त्या वांझंला कसली आल्यात अंडी!" भाद्रपद गेला, थंडी गेली, मी ते डोक्यातून काढून टाकलं.

चैत्र संपता संपता आमची चूल भंगली. नवी चूल घालायची तर वारुळाची माती लागते. ती चिवट असते, तडकत नाही. आबांनी माती आणायला कधी हरकत घेतली नव्हती. कडेकडेनं घ्यायची, मध्याला हात लावायचा नाही, एवढीच अट. मी पाटी आणि कुदळ घेऊन गेले. कडेची माती मागच्या खेपांनी संपत आलेली, म्हणून दोन बोटं आत कुदळ मारली. ती मऊ काहीतरी फोडून गेली. पाहिलं तर अंडी. पांढरी, कोंबडीच्या अंड्यासारखी पण कवच नसलेली, चिवट कातड्याची, एकाला एक चिकटून. दोन फुटली होती. एकातून पाण्याबरोबर पिल्लू बाहेर आलं. पूर्ण झालेलं होतं, नखंसुद्धा. काळं अंग, त्यावर पिवळे ठिपके आणि पट्टे.

मी मागे सरले. कुणीही सरलं असतं, ती चंदनघोरपड होती. पण मी पळाले नाही, कारण ती जागा माझ्या ओळखीची होती. भाद्रपदात जिथं घोरपड मागचं अंग घालून बसली होती, तीच. मी तिथं उकिडवी बसून राहिले. आणि मला एकामागून एक सगळं कळत गेलं. चंदनघोरपड नावाची वेगळी जात नाही. ही तिचीच पिल्लं. मोठेपणी रंग उतरतो, एवढंच. ती वांझ नाही. ती अंडी घालते, आणि मृगाला पिल्लं बाहेर येतात, आणि त्या दिवशी बाहेर काठी घेऊन आबा उभे असतात. तिला जपायला म्हणून.

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे समजेना. मी बाकीची अंडी होती तशी झाकली, माती दाबली आणि रिकामी पाटी घेऊन परत आले. त्या वर्षीची चूल शेतातल्या मातीची घातली. ती पंधरा दिवसांत तडकली आणि त्यावरून मी सासूबाईंची बोलणी खाल्ली.

ह्यांना मी पाहिलेलं सांगितलं. ह्यांनी क्षणात उलगडा केला, "कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते की न्हाय? तसं चंदनघोरपडीनं तिच्या वारुळात घातली असतील." मी म्हटलं, मी तिला बसलेलं पाहिलं आहे. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "खरं असलं तरी आबास्नी सांगू नगं. जल्मभर तिला पोर न्हाय म्हणून झुरलाय त्यो माणूस. आन् आता त्यानंच मारली म्हणून सांगायचं? सोसंल का त्याला?" हे बोलणं त्यांनी मनापासून केलं. बेट आणि ऊस त्यांच्या मनात नव्हते असंही मी म्हणत नाही. माणसाच्या मनात दोन्ही एका वेळी राहू शकतं.

मग मी म्हशीकडून प्रयत्न केला. आबा गोठ्यात चारा टाकत होते. मी म्हटलं, "चंदनघोरपडीला इख नसतं म्हणावं. ऐकीव गोष्टी हायेत." आबांनी पेंढी टाकली आणि म्हशीला सांगितलं, "पेठेतली माणसं. त्यास्नी काय ठावं? माझ्या मामाचा सालगडी उभ्या उभ्या गेला, पाणी मागितलं न्हाय." म्हशीनं तोंड चाऱ्यात घातलं. माझं पुढचं वाक्य मला म्हशीला सांगता आलं नाही. आयुष्यभर तुम्ही ज्याची वाट पाहिली ते तुम्हीच मारत आलात, हे जनावराच्या कानात बोलण्यासारखं नसतं. ज्याला सांगायचं त्याच्याकडे बघून सांगावं लागतं, आणि ती मुभा मला नव्हती.

दिवस जवळ येत गेले. मी रोज कलिंगडांच्या वाफ्यातून बेटाकडे बघत असे. मग एका दुपारी वळवाची जोरदार सर येऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत असताना आबा कोपऱ्यातली काठी घेऊन बाहेर पडले. मी परातीतलं पीठ तसंच टाकलं आणि निघाले. सासूबाई मागून ओरडत राहिल्या, "आगं, सासरा चाललाय पुढं, तू कुठं चाललीस?"

वाळू ओली होती, चाल जड पडत होती. मी बेटावर पोहोचले तेव्हा वारुळाच्या अंगाला एक भोक पडलेलं होतं, आणि आबांच्या पायाशी एक पिल्लू ठेचलेलं पडलं होतं. भोकातून दुसरं डोकं बाहेर येत होतं. पिवळे ठिपके उन्हात ओले चमकत होते. आबांनी काठी उचलली. आजूबाजूला कुणी नव्हतं. सासूबाई नव्हत्या, म्हैस नव्हती. मोठी घोरपड तेवढी पलीकडच्या बाभळीखाली बसली होती, आणि तिला या कशाचंच काही नव्हतं. त्यांच्यात आई अंडी झाकते आणि तिथंच तिचं आईपण संपतं.

मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. पदर कुठं होता मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "आबा, मारू नका. तिची हायेत."

आबांनी काठी खाली केली नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं नसावं, आणि मीही त्यांचे डोळे पिंगट आहेत हे तेव्हाच पाहिलं. मी सगळं सांगितलं. भाद्रपदातलं बसणं, पोटाची सैल कातडी, चुलीची माती, फुटलेली दोन अंडी. मधल्या काळात पिल्लं एकामागून एक बाहेर येत होती, थबकत होती, जीभ काढून हवा चाखत होती. अगदी तिच्यासारखी.

आबांनी ती जीभ पाहिली. मला वाटतं, माझ्या बोलण्यापेक्षा त्यांना ते जास्त पटलं. त्यांनी काठी सोडून दिली आणि चप्पल काढून उघडं पाऊल भोकाच्या तोंडाशी ठेवलं. मी "नका" म्हणाले. मला खात्री होती, तरी म्हणाले. एक पिल्लू त्यांच्या पावलावर चढलं, अंगठ्याला तोंड लावलं, चावलं असावं, कारण रक्ताचा एक थेंब आला. मग ते उतरून गवतात गेलं. आबा खाली बसले. त्यांचा तोवरचा सगळा समज सांगत होता की आता आपण मरणार. ते वाट पाहत बसले. ऊन चढलं. पिल्लं पांगली. काही झालं नाही.

"पाणी दे," आबा म्हणाले. ते मला म्हणाले.

मी नदीतून ओंजळीनं आणलं. ते प्याले, आणि ओल्या हातांनी तोंड पुसून त्यांनी विचारलं, "समदी?"

मला प्रश्न कळला. आजवर मारलेली सगळी तिचीच का, असं ते विचारत होते. खोटं बोलले असते तर त्यांना ते कळलं असतं. पण 'व्हय' एवढं म्हणून मला गप्प राहवेना. म्हातारा माणूस तिथं मातीत बसला होता आणि मला त्याची फार माया आली. मी म्हटलं, "समदी. पर एक सुटलं हुतं. तुमची पहिली घोरपड तुटक्या शेपटीची. ही न्हाय. म्हंजी ही तिची लेक. तुमच्या काठीतनं सुटलेली."

आबांनी बाभळीखाली पाहिलं. बराच वेळ त्या लांब, शाबूत शेपटाकडे पाहिलं. मग काठी उचलली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे पाण्यात टाकले. मेलेलं पिल्लू त्यांनी हातानं उचललं, काठीनं नव्हे, आणि करंजाखाली पुरलं.

त्या दिवशी उंबऱ्यात सासूबाई पाला घेऊन उभ्या होत्या. आबांनी तो घेतला नाही. संध्याकाळी ह्यांना बोलावून त्यांनी एवढंच सांगितलं, की पिल्लं झाल्यात, बेट आहे तसं राहील. ह्यांनी मान डोलावली आणि उसासाठी दुसरी जमीन बघायला ते पुढच्या आठवड्यात इंदापूरला गेले. मी आणि आबा पुन्हा म्हशीमार्फत बोलू लागलो. रीत ती रीत. फक्त पुढं दर मृगाला ते माझ्याकडे न बघता म्हशीला विचारायचे, "निगाली का म्हणावं?" आणि मी बेटावर जाऊन, पाहून येऊन, म्हशीला सांगायची, "निघाली." स्वतः ते त्या दिवशी कधीही बेटावर गेले नाहीत.

शेपटाचं मी तेव्हा त्यांच्या समाधानासाठी बोलले होते. पालीचं येतं तसं घोरपडीचंही येत असेल, असंच मलाही वाटत होतं. तुटलेलं शेपूट घोरपडीला पुन्हा येत नाही, हे मला फार पुढं कळलं. तोवर आबा गेले होते.